एकांताची किंमत



आजच्या व्याख्यानाचा विषय ‘लेखक-कलावंतांच्या गढ्या’ असा जाहीर झाला आहे. ‘गढी’ हा शब्द आम्ही जाणूनबुजून योजला. ‘किल्ला’ म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे तट, बुरूज, दारूकोठार आणि कडेलोटाची जागा उभी राहते. फ्रेंच लोक ‘शातो’ म्हणतात त्या शब्दाची व्याप्ती याहून मोठी आहे. त्यात लढाऊ किल्ला येतो, देशमुखांच्या गढीसारखे बुरूजबंद घर येते, आणि ज्याला तट नाही, खंदक नाही असा एखाद्या जमीनदाराचा चिरेबंदी वाडाही येतो. अशा काही वास्तूंत कोणे एके काळी एखादा ग्रंथकार किंवा चित्रकार राहून गेला. पुढे मालकांच्या पिढ्या विस्मरणात गेल्या, आणि त्या एका माणसाच्या नावाने आज तेथे लोक दर्शनाला येतात.

‘दर्शनाला’ असेच म्हटले पाहिजे. तिकीट काढावयाचे, मार्गदर्शकाच्या मागून चालावयाचे, टेबल, दौत आणि पलंग पाहावयाचा, दोन चित्रे विकत घ्यावयाची आणि परतावयाचे, असा त्याचा विधी ठरून गेला आहे. यात वाईट काही नाही. परंतु टेबल पाहून ग्रंथ कळत नाही आणि पलंग पाहून माणूस कळत नाही. आमची सूचना अशी की, अशा गढीत शिरताना दोन प्रश्न बरोबर न्यावेत. एवढ्या मोठ्या वास्तूत हा माणूस नेमका कोठे बसून काम करीत होता? आणि त्या जागेचे पैसे कोणी भरले? पहिल्या प्रश्नाचे उत्तर मार्गदर्शक हौसेने देतो. दुसऱ्याचे उत्तर आपले आपणच शोधावे लागते. आज हे दोन प्रश्न हाती घेऊन आपण काही गढ्यांतून फिरून येऊ.

पहिला मान मॉन्तेनचा. निबंध या वाङ्मयप्रकाराचा हा जनक. फ्रान्सच्या नैर्ऋत्येस, बोर्दो शहराच्या पूर्वेकडे, द्राक्षमळ्यांच्या मुलखात त्याची गढी आहे. तेथेच १५३३ साली तो जन्मला आणि तेथेच १५९२ साली वारला. गढी घराण्याच्या तलवारीने मिळविलेली नव्हती. दारू आणि खारवलेले मासे यांचा व्यापार करणाऱ्या त्याच्या पणजोबाने १४७७ साली ही जहागीर रोख पैसे मोजून विकत घेतली होती. मॉन्तेन बोर्दोच्या न्यायसभेत काही वर्षे काम करून कंटाळला, आणि १५७१ साली, वयाची अडतीस वर्षे पुरी झाली त्या दिवशी, आपण सार्वजनिक कामातून निवृत्त होत असल्याचा लॅटिन लेख त्याने भिंतीवर लिहवून घेतला. ही भिंत गढीच्या एका कोपऱ्यातील गोल बुरुजाची. बुरुजाच्या तळाशी देवघर, मधल्या मजल्यावर निजावयाची खोली, आणि वर ग्रंथालय. सोळा पावले व्यासाची ती जागा, पाच फळ्यांवर गोलाकार मांडलेली सुमारे हजार पुस्तके, आणि माथ्यावरच्या तुळयांवर रंगविलेली ग्रीक व लॅटिन वचने. जवळच शेगडीची एक लहानशी खोली होती, कारण वरच्या मजल्यावर हिवाळ्यात वारा फार लागे.

या बुरुजाच्या खिडक्या मात्र अवश्य पाहाव्यात. त्यांतून बाग दिसते, अंगण दिसते, कोंबड्यांचा खुराडाही त्याला तेथून दिसत असे. म्हणजे हा गृहस्थ संसाराकडे पाठ फिरवून बसला नव्हता. गडीमाणसे काय करीत आहेत, कोण आले, कोण गेले, हे सारे त्याला दिसे. फक्त जिना चढून वर येण्याची मुभा कोणाला नव्हती. आपल्याच घरात जेथे आपल्याला आपल्यापाशी बसता येईल अशी एक जागा ज्याला नाही, तो मनुष्य कीव करण्याजोगा आहे, असा त्याचा अभिप्राय होता.

ही शांती कोणत्या काळातली, हेही ध्यानात घ्यावे. १५६२ ते १५९८ ही सारी वर्षे फ्रान्समध्ये कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट यांच्यातील यादवीची. शेजारच्या गढ्या लुटल्या जात होत्या. अशा दिवसांत मॉन्तेनने आपल्या दारावर सैनिक ठेवले नाहीत. एक म्हातारा द्वारपाल तेवढा असे. बंदोबस्त जितका अधिक तितका हल्लेखोराचा मोह अधिक, हा त्याचा हिशेब. तो हिशेब बरोबर ठरला आणि गढी वाचली. १५८० साली त्याच्या निबंधांचे पहिले दोन भाग निघाले. पुढे १५८१ पासून चार वर्षे त्याने बोर्दोचे नगराध्यक्षपदही सांभाळले. नियतीची थट्टा अशी की, यादवीतून वाचलेली ही गढी १८८५ साली साध्या आगीत जळाली. आज मुख्य इमारत दिसते ती नंतर बांधलेली. परंतु कोपऱ्यातला तो बुरूज मात्र आगीतून वाचला. आम्ही तो दगडी चक्री जिना चढलो तेव्हा पायऱ्या मधोमध झिजलेल्या दिसल्या. वर पुस्तके नाहीत. ती पांगली आणि त्यांतील शंभराच्या आसपासच आज ओळखता येतात. रिकामी गोल खोली आणि तुळयांवरची अक्षरे एवढेच उरले आहे, आणि तेवढे पुरेसे आहे.

मॉन्तेनला एकांत वारशाने मिळाला. लिओनार्दो द विंचीला तो राजाने दिला. १५१६ साली, साठी उलटलेल्या लिओनार्दोला फ्रान्सचा तरुण राजा पहिला फ्रान्स्वा याने बोलावून घेतले आणि ल्वार नदीकाठच्या आंब्वाझ येथे, राजवाड्यापासून काही पावलांवर, लाल विटांचा एक वाडा राहावयास दिला. वर वर्षासन ठेवले. सोबत आणलेल्या चित्रांत ‘मोनालिसा’ होती. १५१७ साली एक कार्डिनल त्याच्या भेटीस आला. त्याच्या चिटणिसाने टिपून ठेवले आहे की, या वृद्ध चित्रकाराच्या उजव्या हाताला पक्षाघात झाल्यामुळे आता त्याच्याकडून नव्या चित्रांची अपेक्षा नाही. तरीही राजाने ना वर्षासन थांबविले, ना घर परत मागितले. १५१९ च्या मे महिन्यात लिओनार्दो त्याच वाड्यात वारला. त्याने राजाच्या बाहूंत प्राण सोडला ही कथा चित्रकारांना फार आवडली. बहुतेक इतिहासकार ती मानीत नाहीत, कारण त्या दिवसांत राजा दूर सँ-जर्मँ येथे होता. आम्हांस या कथेपेक्षा ते चालू राहिलेले वर्षासन अधिक मोलाचे वाटते.

त्याच तूरेन प्रांतात साशे नावाचे खेडे आहे. तेथील गढीत कादंबरीकार बाल्झाक पाहुणा म्हणून राही. घरधनी मार्गोन हे त्याच्या कुटुंबाच्या जुन्या घरोब्यातले. बाल्झाक कर्जात बुडालेला. पॅरिसमध्ये दारावर सावकार आणि छापखान्याचे लोक. त्यांचा ससेमिरा असह्य झाला की तो साशेचा रस्ता धरी. त्याला दिलेली खोली दुसऱ्या मजल्यावरची, इतकी लहान की भिंतीच्या कोनाड्यात पलंग, एक टेबल, एक खुर्ची यांपलीकडे फारसे काही मावत नाही. काळ्या कॉफीच्या जोरावर तो तेथे दिवसाचे बारा बारा तास लिही, आणि संध्याकाळी खाली येऊन यजमानांच्या पंगतीला बसे. ‘पेर गोर्यो’ या कादंबरीचा मोठा भाग १८३४ साली याच टेबलावर झाला. संग्रहालयात त्याने तपासलेली मुद्रिते ठेवली आहेत. त्यांवर मूळ मजकुरापेक्षा दुरुस्त्याच अधिक. ती जुळविणाऱ्या खिळेकऱ्यांची दया येते.

आता एका स्त्रीकडे वळू. जॉर्ज सांद हे तिचे लेखनातले नाव. मूळची ती ओरोर द्युपँ. मध्य फ्रान्सात नोआँ येथे आजीने सांभाळून तिला वाढविले, आणि १८२१ साली आजी वारल्यावर ती वास्तू तिच्या वाट्याला आली. पुढच्याच वर्षी तिचे लग्न झाले, आणि त्या काळच्या फ्रेंच कायद्याप्रमाणे तिच्या मालमत्तेचा कारभार नवऱ्याच्या हाती गेला. आपल्या घरात ती आश्रितासारखी झाली. आजीच्या एका लहानशा खोलीत ती झोपाळ्यावर निजे आणि एका कपाटाची फळी उघडून तीच टेबल म्हणून वापरी. १८३२ साली प्रसिद्ध झालेली तिची ‘इंदियाना’ ही कादंबरी अशा फळीवर लिहिलेली आहे, आणि तिचा विषय काय, तर संसारात कोंडलेली स्त्री! पुढे तिने नवऱ्यावर दावा लावला आणि १८३६ साली न्यायालयाच्या निकालाने नोआँ पुन्हा तिच्या ताब्यात आले.

त्यानंतर त्या घराचे दरवाजे कसे उघडले ते पाहण्यासारखे आहे. संगीतकार शोपँने तेथे सात उन्हाळे काढले आणि आपल्या उत्तमोत्तम रचनांपैकी पुष्कळ तेथे केल्या. चित्रकार दलाक्रवा येऊन राहून गेला. तिच्या मुलाने तेथे कळसूत्री बाहुल्यांचे नाट्यगृह थाटले. आज जेवणाच्या टेबलावर पाहुण्यांच्या नावांच्या चिठ्ठ्यांसह पाने मांडून ठेवलेली दिसतात, जणू मंडळी बागेतून येतीलच. परंतु या सगळ्यांच्या जेवणाखाणाची व्यवस्था पाहून, मुलांना निजवून, घर शांत झाल्यावर ती बाई रात्री लिहावयास बसे आणि पहाटेपर्यंत लिहीत असे. घर तिचेच होते, पण दिवस तिचा नव्हता. ज्यांना कोर्टात जाऊन आपली खोली परत मिळविता आली नाही अशा किती जणींचे लेखन जगाला मुकावे लागले असेल, याचा हिशेब कोणत्या संग्रहालयात मांडलेला नाही.

वारसा, राजाश्रय, पाहुणचार, न्यायालय असे चार मार्ग झाले. पाचवा मार्ग स्वतःच्या लेखणीने गढी बांधण्याचा. तो सर वॉल्टर स्कॉटने पत्करला. स्कॉटचे नाव आपल्याकडे परके नाही. हरिभाऊ आपटे यांच्या ऐतिहासिक कादंबऱ्यांची चर्चा निघाली की टीकाकार त्याचे नाव हटकून घेत आले आहेत. स्कॉटलंडमध्ये ट्वीड नदीच्या काठी १८११ साली त्याने एक दलदलीचे शेत विकत घेतले आणि कादंबऱ्यांच्या मिळकतीतून तेथे ॲबट्सफर्ड हा मनोरे-कंगोऱ्यांचा वाडा उभा केला. रॉब रॉयची बंदूक, लढायांतील शस्त्रे, एडिंबरोच्या पाडलेल्या तुरुंगाचा दरवाजा, असे इतिहासाचे नाना अवशेष त्याने आणून वाड्यात बसविले. परंतु त्याची लेखनाची जागा पाहावी तर ती भव्य ग्रंथालयाच्या शेजारची एक आटोपशीर खोली आहे. निजावयाच्या खोलीतून परस्पर तेथे उतरता यावे अशी वाट त्याने ठेवली होती, म्हणजे पहाटे उठून पाहुण्यांच्या नकळत कामाला बसता येई.

१८२६ च्या आरंभी त्याचे प्रकाशक आणि मुद्रक बुडाले आणि त्या धंद्यात भागीदार असल्यामुळे एक लाख वीस हजार पौंडांहून अधिक कर्ज त्याच्या माथी आले. दिवाळे काढून सुटका करून घेण्याची वाट कायद्याने मोकळी होती. घर तर आधीच मुलाच्या लग्नप्रसंगी त्याच्या नावे झालेले. परंतु स्कॉटने सावकारांना कळविले की, मला लिहू द्या, मी फेडीन. त्याच वर्षी त्याची पत्नी वारली. पुढील सहा वर्षे तो त्या खोलीत घाण्याला जुंपल्यासारखा राबला. कादंबऱ्या लिहिल्या, नेपोलियनचे नऊ खंडांचे चरित्र लिहिले, प्रकृती ढासळली तरी थांबला नाही. १८३० साली धनकोंनीच त्याच्या सचोटीची कदर म्हणून त्याचा ग्रंथसंग्रह आणि घरातील सामान त्याला भेट दिले. १८३२ च्या सप्टेंबरात, जेवणघरात आणून ठेवलेल्या बिछान्यावर, ट्वीडचे पाणी ऐकत त्याने डोळे मिटले. उरलेले कर्ज त्याच्या पुस्तकांच्या हक्कांतून पुढे फिटले. दुसऱ्याच वर्षी वाडा लोकांना पाहण्यासाठी खुला झाला.

द्युमाचा प्रकार याच जातीचा, पण स्वभाव निराळा. ‘काउंट ऑफ माँटे क्रिस्टो’च्या मिळकतीवर त्याने पॅरिसजवळ त्याच नावाचा वाडा बांधला, १८४७ साली शेकडो लोकांना जेवण घालून वास्तुशांत केली, आणि दोन वर्षांच्या आत कर्जापायी तो विकला. तेथेही लेखनाची जागा वाड्याबाहेर, पाण्याने वेढलेल्या एका चिमुकल्या बंगलीत. तिच्या दगडांवर त्याने आपल्या ग्रंथांची नावे कोरून घेतली आहेत. विसाव्या शतकात हा वाडा पाडून तेथे घरे बांधण्याचा घाट घातला गेला. परिसरातील तीन गावांनी आणि द्युमाच्या चाहत्यांनी मिळून तो वाचविला. गावांनी मनावर घेतले तर काय होते, याचे हे उदाहरण लक्षात ठेवण्यासारखे आहे.

आता शेवटची गढी. जर्मन भाषेतील थोर कवी राइनर मारिया रिल्के याच्या ‘दुइनो विलापिका’ या दहा दीर्घ कविता जगप्रसिद्ध आहेत. त्यांचा आरंभ १९१२ च्या जानेवारीत एड्रियाटिक समुद्रावरच्या दुइनो किल्ल्यात झाला. किल्ल्याची मालकीण, एक राजकुलीन स्त्री, हिने तो त्याला एकट्याला राहावयास दिला होता. पुढे पहिले महायुद्ध आले. किल्ला तोफांच्या माऱ्यात सापडला आणि कवीच्या आतले काहीतरी मुके झाले. दहा वर्षे ते काव्य अपुरे राहिले. १९२१ साली स्वित्झर्लंडमध्ये म्यूझॉट नावाचा तेराव्या शतकातील एक लहानसा दगडी बुरूजवाडा त्याच्या दृष्टीस पडला. व्हेर्नर राइनहार्ट या गृहस्थाने तो त्याच्यासाठी प्रथम भाड्याने आणि मग विकत घेतला. त्या बुरुजात, १९२२ च्या फेब्रुवारीत, काही आठवड्यांच्या अवधीत रिल्केने विलापिका पुऱ्या केल्या आणि शिवाय ऑर्फियसवरची पंचावन्न सुनीते लिहिली. म्यूझॉट आजही खाजगी आहे. ते रस्त्यावरूनच पाहावे लागते.

आपला दुसरा प्रश्न येथे विचारू. हा राइनहार्ट कोण? तो व्हिंटरथूर गावच्या व्यापारी घराण्यातला, व्होल्कार्ट ब्रदर्स या पेढीच्या मालकांपैकी. ही पेढी १८५१ साली एकाच वेळी व्हिंटरथूर आणि मुंबई येथे स्थापन झाली. १९५४ साली टाटांच्या सहकार्याने निघालेल्या ‘व्होल्टास’ कंपनीच्या नावातले पहिले अक्षर याच व्होल्कार्टचे. आणि पेढीचा मुख्य व्यापार कोणता? हिंदुस्थानच्या कापसाचा. वऱ्हाडात खामगावसारख्या बाजारपेठेत तिची खरेदी चाले.

बंधुभगिनींनो, येथे क्षणभर थांबावे असे आम्हांस वाटते. राइनहार्टचा आम्ही उणेपणा सांगत नाही; पैसा असून कवीला घर देणारे किती सापडतात? परंतु काळ्या जमिनीत उन्हात वाकून बोंडे वेचणाऱ्या बायका, गाड्या भरून रात्रभर बाजाराची वाट चालणारे शेतकरी, भाव ठरेपर्यंत अडत्याच्या दारी बसून राहिलेली माणसे, यांच्या श्रमांतला एक धागा त्या आल्प्समधल्या बुरुजापर्यंत गेलेला आहे. त्यांनी रिल्केचे नाव ऐकले नव्हते आणि रिल्केने खामगावचे ऐकले असण्याचे कारण नाही. तरीही त्या एकांताच्या देणेकऱ्यांच्या यादीत वऱ्हाडचे नाव लिहिले पाहिजे. याहून कठोर यादीही असू शकते. ब्रिटनीमधील कोंबूरची गढी, जेथे लेखक शातोब्रियाँचे बालपण गेले, ती त्याच्या बापाने १७६१ साली ज्या सागरी व्यापारातून विकत घेतली त्यात गुलामांचा व्यापारही होता. गढी सुंदर आहे, पुस्तक थोर आहे, आणि हेही खरे आहे. तिन्ही गोष्टी एकाच वेळी मनात ठेवता येणे, हेच शहाण्या प्रवाशाचे लक्षण होय.

कोणी म्हणेल, उत्तम वाङ्मयाला गढी कशाला हवी? तुकोबांना कोणी बुरूज दिला होता? प्रश्न रास्त आहे. पण देहूच्या माणसालाही भामचंद्राचा डोंगर जवळ करावा लागला, हे विसरून चालणार नाही. त्यांचा एकांत फुकट होता, कारण डोंगर कोणी कुलपात घातला नव्हता. एकांताची गरज मात्र दोघांनाही सारखीच. आणि गढ्यांतूनही शेवटी काय दिसले? कोठेही दरबारी दालनात ग्रंथ झाला नाही. सोळा पावलांचा मजला, कोनाड्यातला पलंग, कपाटाची फळी, ग्रंथालयाशेजारची लहान खोली. एवढी मोठी वास्तू, आणि तिच्यातील उपयोगाची जागा आमच्या-तुमच्या घरातील खोलीएवढीच.

म्हणूनच हा विषय आम्ही या व्याख्यानमालेत मांडला. आपले गाव कोणाला गढी देऊ शकणार नाही आणि देण्याची आवश्यकताही नाही. परंतु येथे दोन खोल्यांत सहा माणसे राहतात. घरातील मुलगी जिन्याच्या पायरीवर बसून वाचते, आणि मुलगा शेजारचा दूरचित्रवाणी संच बंद होण्याची वाट पाहतो. त्यांच्यापैकी कोणाच्या डोक्यात काय आहे, हे आज कोणाला ठाऊक? गावाच्या वाचनालयात रात्री दहापर्यंत उघडी राहणारी, उजेडाची, टेबल-खुर्चीची, आणि ‘येथे काय करतोस’ असे कोणीही न विचारणारी एक अभ्यासिका, ही आपल्या ऐपतीतली गढी आहे. राजाने वर्षासन चालू ठेवले, यजमानाने खोली दिली, धनकोंनी पुस्तके परत केली, तीन गावांनी वाडा वाचविला. आपण वर्गणी द्यावी. मात्र ती देताना पावती आपल्या नावाची असली, तरी पैसा कोणाकोणाच्या घामाचा आहे याची आठवण असावी, म्हणजे त्या अभ्यासिकेचे दार कोणाला लहान पडणार नाही.